गल्लीच्या शेवटी भिंत का असते

इमारती पाडतात, रस्ते सहसा कुणी पाडत नाही. शहरं कशी वाढतात याबद्दल वाचायला लागल्यापासून ही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. घर पन्नास-साठ वर्षांत पाडून नवं बांधतात, कारखान्याच्या जागी टॉवर येतो, दुकानाचं ऑफिस होतं, माणसं तर किती येतात नि जातात, पण या सगळ्याच्या मधून जाणारा रस्ता होता तिथेच राहतो. फार तर रुंद होतो, नाव बदलतं, खाली पाइप आणि केबल येतात. त्याची रेघ मात्र हलत नाही.

लंडनचं बघा. सप्टेंबर १६६६ मध्ये आग लागली आणि चार-पाच दिवसांत जुन्या शहराचा बहुतेक भाग जळून गेला, तेरा हजारांच्या वर घरं गेली. आग विझून थोडेच दिवस झाले होते तेव्हा वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी राजासमोर नवा आराखडा ठेवला, रुंद सरळ रस्ते, मोठे चौक, सगळं नव्याने. अशी संधी कुठल्या शहराला सहज मिळत नाही. तरीही तो आराखडा कागदावरच राहिला, कारण जळलेल्या प्रत्येक घराखालच्या जमिनीला मालक होता आणि त्याला आपली जागा आपल्याच हद्दीत, लवकरात लवकर परत हवी होती. काही गल्ल्या रुंद केल्या, एखाद-दुसरा नवा रस्ता काढला, आणि बाकी शहर होतं त्याच रेघांवर परत उभं राहिलं. घर जळतं, प्लॉटची हद्द जळत नाही.

म्हणून रस्ता पहिल्यांदा कोण आखतं, कधी आखतं आणि काय विचार करून आखतं हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो. आणि रस्ते पहिल्यांदा आखले जातात ते शहराच्या कडेला, जिथे आज शेत आहे आणि परवा प्लॉटिंग होणार आहे तिथे. शहराच्या मध्यावर आपण फ्लायओव्हर आणि मेट्रोवरून कितीही भांडलो तरी पुढच्या शंभर-दोनशे वर्षांचा निकाल कडेला लागत असतो, आणि तिथे बघायला सहसा कुणी नसतं.

मला मॅपवर शहरं बघत बसायची सवय आहे, कुठलंही शहर, कधी न गेलेलंही. मध्यभागी झूम करायचं आणि मग हळूहळू बाहेर सरकत जायचं. बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट दिसते. आत गल्ल्या वाकड्यातिकड्या का असेना पण एकमेकींना भेटत राहतात, त्याच्या बाहेर एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले सरळ चौकोनी भाग लागतात, आणि मग एक टप्पा येतो जिथे हे जाळं सुटत जातं. एका मोठ्या रस्त्यातून एक फाटा आत जातो, त्याला आणखी फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाटा कुठेतरी संपतो. शेजारच्या वसाहतीचंही तसंच. दोन्हींचे फाटे मधल्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना येऊन थांबलेले.

हे नुसतं डोळ्यांना वाटतं असं नाही, मोजता येतं. १७३६ मध्ये गणिती ऑयलर यांनी कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) सोडवलं तेव्हा त्यांनी शहराचं सगळं रूप बाजूला ठेवून फक्त कोण कुणाला जोडलंय एवढंच शिल्लक ठेवलं होतं, आणि आज रस्त्यांची जोडणी मोजणारे लोक मुळात तेच करतात. प्रत्येक चौक हा एक बिंदू आणि त्यातून किती रस्ते निघतात ते मोजायचं. चौरस्ता असेल तर चार, तिठा असेल तर तीन, बंद गल्लीचं टोक असेल तर एक. या आकड्यांची सरासरी घेतली, बंद टोकांचं प्रमाण काढलं, आणि दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर आणि प्रत्यक्ष चालायचं अंतर यांची तुलना केली की कुठलाही भाग किती जोडलेला आहे ते बऱ्यापैकी कळतं.

यातलं एक गणित मला फार आवडतं. चौकोनी जाळ्यात तुम्हाला पाच ब्लॉक (ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांच्या मधला एक चौकोन) पूर्वेला आणि पाच ब्लॉक उत्तरेला जायचं असेल तर सगळ्यात कमी अंतराचे, एकसारख्याच लांबीचे मार्ग किती असतील? २५२. वाटेतला रस्त्याचा एक तुकडा खणलेला असला तरी शंभरावर वाटा सहज उरतात. आणि झाडासारख्या फांद्या-फांद्यांच्या रचनेत? एक. फक्त एक. तो बंद झाला की तुम्ही आत अडकलात. अंतराचंही तसंच, चौकोनी जाळ्यात सरळ रेषेच्या तुलनेत सरासरी १.२७ पट चालावं लागतं आणि वाईटात वाईट १.४१ पट, त्याच्यावर ते जाऊच शकत नाही. फांद्यांच्या रचनेत मात्र याला वरची हद्दच नाही, पाच पट, दहा पट, कितीही.

आता चौकोनी जाळं म्हणजे झालं सगळं असंही नाही हं. सॉल्ट लेक सिटी आणि पोर्टलंड, दोन्ही अमेरिकेतलीच, दोन्ही काटकोनात आखलेली. पण पहिल्याचा ब्लॉक ६६० फुटांचा आणि दुसऱ्याचा २०० फुटांचा. म्हणजे एकात कोपऱ्यावर पोचेपर्यंत जेवढं चालायचं तेवढ्यात दुसऱ्यात तीन कोपरे येऊन जातात. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स १९६१ मध्येच तळमळीने सांगत होत्या की ब्लॉक लहान हवेत, कोपरे वारंवार यायला हवेत, कारण कोपऱ्यावर माणूस वळू शकतो, वाट बदलू शकतो, त्याला कुणीतरी भेटू शकतं. उलट जुन्या वाकड्या गल्ल्यांचं शहर अजिबात चौकोनी नसतं तरी चालायला उत्तम असतं. सरळपणा महत्त्वाचा नाही, भेटणं महत्त्वाचं.

आता जरा त्या भिंतीपाशी थांबू. दोन वसाहती पाठीला पाठ लावून असतात ना, तिथे हे सगळं आकडेमोडीतून बाहेर येऊन समोर उभं राहतं. भिंतीच्या अलीकडच्या घरातून पलीकडच्या शाळेची घंटा ऐकू येते, मैदानावरच्या मुलांचा आवाज येतो, पण शाळेत जायचं तर आधी उलट्या दिशेने मोठ्या रस्त्यावर यायचं, तिथून वळसा घालून दुसऱ्या गेटने आत. मग लहान मूल चालत जात नाही, त्याला सोडायला गाडी निघते. काही दिवसांनी त्या भिंतीला हमखास एके ठिकाणी भगदाड पडतं. आधी वरच्या दोन विटा निघालेल्या असतात, मग खालच्या, मग कुणीतरी पाय ठेवायला एक दगड आणून ठेवतं, दोन्ही बाजूंना गवत मरून मातीची वाट तयार होते आणि विटांच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत होतात. नंतर कुणाची तरी तक्रार जाते, भगदाड सिमेंटने बुजवतात, वर काचा लावतात. आणि शेजारी पुन्हा एक वीट हलायला लागते. मला ही भगदाडं फार बोलकी वाटतात, शहराला काय हवंय ते माणसं तिथे पायाने सांगत असतात आणि आपण त्याला अतिक्रमण म्हणतो.

मग बंद गल्ली आली कुठून? तशी ती जुनीच. मोरोक्कोतल्या फेससारख्या शहरांच्या मदिनांमध्ये, म्हणजे जुन्या भागांमध्ये, मुख्य बोळातून निघून काही घरांपाशी संपणाऱ्या गल्ल्या शेकडो वर्षांपासून आहेत, पण त्या आखूड असायच्या आणि सगळं चालण्याच्या अंतरात असायचं. आजची बंद गल्ली वेगळी. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या कोंदट वस्त्यांचा अनुभव घेऊन असे रस्ते नियमाने अडवले होते, त्यामुळे लंडनच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या नव्या वसाहतीसाठी १९०६ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागला, तेव्हा कुठे तिची आखणी करणाऱ्या रेमंड अनविन यांना तिथे आखूड बंद गल्ल्या ठेवता आल्या. हेतू चांगला होता, शांत घरं, थोडी झाडं, कमी खर्चाचे अरुंद रस्ते.

मग १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रॅडबर्न ही वसाहत आली, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेली. गाड्या झपाट्याने वाढत होत्या, मुलं रस्त्यावर गाडीखाली येत होती, आणि या दोघांनी खरंच मनापासून उत्तर शोधलं. घरं बंद गल्ल्यांभोवती ठेवली, गाडी मागच्या बाजूने येणार, आणि घराच्या पुढच्या बाजूला पायवाटा आणि बागा, त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, मोठा रस्ता ओलांडायला खालून भुयारी वाट. म्हणजे मुलाला गाड्यांच्या रस्त्यावर पाय न ठेवता शाळेत जाता येईल. गाडीसाठी फांद्या, माणसासाठी जाळं. इतका सुंदर विचार होता तो! आणि पुढे त्याच्या ज्या नकला झाल्या त्यातून नेमकं जाळं गळलं. बंद गल्ल्या ठेवल्या, कारण त्यात बिल्डरचा रस्त्याचा खर्च वाचतो आणि शांत गल्लीच्या टोकाचा प्लॉट चांगल्या भावाला जातो. पायवाटा काढून टाकल्या, कारण त्या जागेचे पैसे येत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज हमी देणाऱ्या संस्थेने, फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांमधून चौकोनी आखणी नको, वळणदार रस्ते आणि बंद गल्ल्या करा असं सांगायला सुरुवात केली, आणि ज्यांच्या हमीवर घरं विकली जात होती त्यांचं म्हणणं बिल्डर ऐकणारच. युद्धानंतर जी उपनगरं उठली ती या सल्ल्यातून.

इथे एक गोष्ट वेगळी करून बघायला हवी. शहर पसरणं आणि रस्ते तुटणं या दोन गोष्टी एकत्र दिसतात पण एकच नाहीत. पसरणं किती टोकाचं असू शकतं ते अ‍ॅटलांटा आणि बार्सिलोनाच्या तुलनेतून कळतं, १९९० च्या सुमाराला दोन्हींची लोकसंख्या साधारण सारखी, २५ ते २८ लाख, पण नगररचनातज्ज्ञ अ‍ॅलन बर्तो यांच्या मोजणीप्रमाणे बार्सिलोनाचा बांधलेला भाग १६२ चौरस किलोमीटर आणि अ‍ॅटलांटाचा ४,२८० चौरस किलोमीटर. दुसरीकडे लॉस एंजेलिस पसरलेलं म्हणून बदनाम, पण त्याच्या मोठ्या भागात रस्ते चक्क जाळ्यात आहेत. आणि हा फरक नुसता अभ्यासापुरता नाही. विरळ पण जोडलेल्या भागात उद्या घरं वाढवता येतात, कोपऱ्यावर दुकान येऊ शकतं, बस सुरू करता येते. तुटलेल्या भागात हे सगळं करायला गेलात तर आधी कुणाचं तरी घर पाडावं लागतं.

मग जग कुठे चाललंय? क्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी हे फार कष्टाने मोजलंय. २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेचं एक शतक मांडलं, नव्या रस्त्यांची जोडणी दशकानुदशकं ढासळत गेली, १९९४ च्या सुमाराला तळ गाठला आणि त्यानंतर नव्या बांधकामात ती हळूहळू सुधारायला लागली. मग २०२० मध्ये ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरचे रस्ते आणि सॅटेलाइटवरून कुठला भाग कधी बांधला गेला याची माहिती एकत्र करून त्यांनी सगळ्या जगाचं १९७५ पासूनचं चित्र काढलं, आणि ते चांगलं नाही. जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते जुन्यांपेक्षा जास्त तुटलेले आहेत. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत आणि जपानमध्ये जोडणी टिकून आहे, आग्नेय आशियात गेटबंद वसाहतींनी ती फार बिघडवली आहे, आणि जर्मनी-डेन्मार्कसारख्या ठिकाणी गाडीचा रस्ता संपतो तिथून पायवाट किंवा सायकलवाट पुढे जाते त्यामुळे मॅपवर दिसतं तितकं नुकसान प्रत्यक्षात होत नाही. रॅडबर्नमधून गळलेलं ते जाळं तिथे शाबूत आहे म्हणायचं.

यात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की असं व्हावं असं कुणाच्याच मनात नसतं. एक जण आपली जमीन डेव्हलप करतो, त्याला आपल्या प्लॉटच्या आत जास्तीत जास्त घरं बसवायची असतात, शेजारच्या जमिनीवर अजून पीक उभं आहे, तिथे रस्ता जोडून ठेवायचा कशाला? पाच वर्षांनी शेजारीही डेव्हलप करतो, तोपर्यंत अलीकडे भिंत झालेली असते आणि त्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना शांतता आवडायला लागलेली असते. आराखड्याशिवाय वाढणाऱ्या वस्त्यांमध्येही वेगळं काय होतं, शेताच्या बांधांवरून, पाणंदीवरून रस्ते होतात, बैलगाडीपुरती वहिवाट होती तिथे पुढे पाच मजली इमारतींच्या मधली गल्ली होते आणि शेत जिथे संपत होतं तिथे ती संपते. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी बरोबर आणि सगळ्यांचा मिळून निकाल वाईट. शेजारच्या दोन जमिनींकडे एकत्र बघणारं कुणीतरी तिथे असायला हवं, आणि ते वेळेवर असायला हवं.

परिणाम आपण रोज भोगतो, फक्त त्याचं कारण रस्त्यांच्या आखणीत आहे हे लक्षात येत नाही. हजार घरांच्या गाड्या एकाच तोंडातून बाहेर पडतात तेव्हा सकाळी त्या तोंडाशी जे होतं त्याला आपण लोकसंख्या, गाड्यांची संख्या, बेशिस्त वगैरे नावं देतो. बस आत जाऊ शकत नाही कारण आत गेली तर तिला त्याच वाटेने परत यावं लागतं. अग्निशमन केंद्राच्या हद्दीतही हेच, अमेरिकेतल्या शार्लट शहराने तपासलं तेव्हा जोडलेल्या जुन्या भागातलं केंद्र तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त घरांपर्यंत पोचत होतं. बंद गल्ली सुरक्षित असं आपण धरून चालतो, पण वेस्ली मार्शल आणि नॉर्मन गॅरिक या संशोधकांनी कॅलिफोर्नियातली २४ शहरं तपासली तर जिथे चौक दाट होते त्या शहरांत जीवघेणे अपघात कमी होते, कारण जोडलेल्या रस्त्यांवर गाड्या जोरात जाऊ शकत नाहीत, आणि तुटलेल्या भागात शांत गल्लीतून बाहेर पडलं की प्रत्येकाला त्या एकाच रुंद, सुसाट रस्त्यावर यावंच लागतं. आपल्या दारातला धोका तिकडे ढकललेला असतो इतकंच. चालण्याचं तर सांगायलाच नको, रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो या अभ्यासकांनी २०१० मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा लोक किती चालतात याच्याशी सगळ्यात घट्ट नातं असलेल्या गोष्टींत चौकांची दाटी होती.

आणि यात सगळ्यात जास्त कोण भरडतं? ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा परवडत नाही ते. मुलं, म्हातारी माणसं, कामाला चालत येणाऱ्या बायका. गाडीला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे चार मिनिटं. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी तो वळसा म्हणजे मैत्रिणीकडे जाणं बंद.

वेळेवर आखणं म्हणजे काय याचं माझं आवडतं उदाहरण न्यूयॉर्कचं. १८११ मध्ये तिथे तीन आयुक्तांनी मॅनहॅटन बेटाचा आराखडा जाहीर केला तेव्हा शहराची वस्ती एक लाखाच्याही आत होती आणि ती बहुतेक बेटाच्या दक्षिण टोकाला. रस्ते मात्र आखले उत्तरेला पार १५५ व्या स्ट्रीटपर्यंत. जॉन रँडेल नावाचा तरुण सर्व्हेअर शेतं, टेकड्या, पाणथळ जागा तुडवत पुढची कित्येक वर्षं प्रत्येक भावी चौकावर संगमरवरी खुंट आणि जिथे खडक असेल तिथे लोखंडी बोल्ट ठोकत गेला. जमीनमालक चिडले, त्याच्यावर खटले भरले, त्याला अटकही झाली. त्या आराखड्यात दोष होते, मोकळ्या जागा फार थोड्या ठेवल्या, टेकड्या सपाट केल्या, ते मी नाकारत नाही. पण शहर तिथवर पोचलं तेव्हा रस्ता कुठून जाणार याचं भांडण आधीच मिटलेलं होतं. इंजिनिअर इल्देफॉन्स सेर्दा यांनी १८५९ मध्ये बार्सिलोनासाठी तेच केलं, आणि चौकाचे कोपरे तिरके कापून तिथे हवा, उजेड आणि वळायला जागा ठेवली.

हे फक्त श्रीमंतांना परवडतं असंही नाही. शहरांच्या वाढीचे अभ्यासक श्लोमो एंजेल आणि त्यांचे सहकारी इथिओपिया आणि कोलंबियातल्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरांबरोबर याच धर्तीवर काम करत आले आहेत. त्यांचं म्हणणं इतकं साधं आहे की शहर वाढणार हे मान्य करा, सगळं प्लॅन करायच्या भानगडीत पडू नका, फक्त साधारण एकेक किलोमीटरवर मोठ्या रस्त्यांची जागा आधी ताब्यात घ्या, जमीन स्वस्त आहे तोवर. आतलं लोक भरतील. मी यात एवढंच जोडेन की आतलंही मोकळं सोडून चालत नाही, एक किलोमीटरच्या चौकोनात आत सगळ्या बंद गल्ल्या असतील तर मोठे रस्ते फक्त गाड्यांचं ओझं वाहतील.

जे आधीच तुटलंय त्याचं काय? गाडीचा रस्ता जोडायचं म्हटलं की लोक विरोध करतात आणि त्यांची भीती खोटी नाही, शॉर्टकट मारणाऱ्या अनोळखी गाड्या दारावरून जाव्यात असं कुणाला वाटेल? पण जोडणी कुणासाठी हे ठरवता येतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये मध्यवर्ती भागाचे चार तुकडे केले, गाडीला एका तुकड्यातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, बाहेरच्या रिंगवर येऊनच जावं लागतं, चालणारा आणि सायकलवाला मात्र आरपार. तिथलंच हाउटन हे तर सगळं शहरच या कल्पनेवर वाढवलं. तुटलेल्या वसाहतीत भिंतीला दोन-तीन मीटरची फट, मध्ये दोन खांब, एक दिवा, एवढ्याने शाळा जवळ येते, आणि एकही गाडी आत येत नाही.

नियमाने हे घडवून आणायचा प्रयत्नही झालाय. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात वसाहतींमधले रस्ते पुढे सांभाळायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी राज्य घेतं, तर २००९ मध्ये त्यांनी सांगितलं की शेजारच्या जमिनीशी आणि रस्त्यांशी जोडलेले नसतील तर आम्ही ते रस्ते ताब्यात घेणार नाही. बिल्डरांच्या दृष्टीने ही खरी अट होती, कारण रस्ता आयुष्यभर सांभाळायचा खर्च कुणी अंगावर घेत नाही. दोनच वर्षांनी त्या अटी सैल केल्या गेल्या, तरी एकाच तोंडाची वसाहत नको हा गाभा राहिला. अशा नियमांमुळे काही ठिकाणी वसाहतीच्या कडेला डांबरी रस्ता शेतापाशी येऊन थांबलेला दिसतो, आणि तिथे पाटी असते की हा रस्ता पुढे वाढवला जाणार आहे. ती पाटी पहिलं घर विकायच्या आधी लागलेली असायला हवी. घर घेणाऱ्याला ते आधी ठाऊक असलं तर दहा वर्षांनी शेजारचं शेत जाऊन तिथे घरं येतात तेव्हा भांडण निदान रस्ता हवा की नको यावरून होत नाही, त्यावर गतिरोधक कुठे हवेत यावरून होतं, आणि ते भांडण सुटण्यासारखं असतं.